आरशातलं बोट

चौदाव्या वर्षी मी एका थोर संगीतकाराच्या कारकिर्दीचा शेवट केला. हत्यार म्हणाल तर माझ्या उजव्या हाताचं पहिलं बोट, आणि गुन्हा इतकाच की ऐन वेळी ते मी वर केलं नाही. हे वाक्य मी आयुष्यभर मनात घोळवत आले आहे, त्यामुळे ते बरंच गुळगुळीत झालंय, हे मान्य. ‘थोर’ या शब्दाबद्दलही खुलासा करायला हवा. मस्यू देरवो हे लीड्समधल्या आमच्या भागात, साधारण दोन बस-स्टॉपच्या अंतरात, थोर होते. तिसऱ्या स्टॉपवर त्यांना कोणी ओळखत नसे, आणि त्यांच्या फ्रान्सला तर त्यांचा विसर पडून बराच काळ लोटला होता. पण चौदाव्या वर्षी दोन बस-स्टॉप म्हणजे पुष्कळ जग असतं. त्या जगात एक चर्च होतं, चर्चमध्ये एक ऑर्गन होता, आणि ऑर्गनपुढे आमच्याकडे पाठ करून एक माणूस बसायचा. त्याची पाठ मला आजही चेहऱ्यापेक्षा जास्त आठवते.

आमचं घर हॉस्पिटलच्या वरच्या अंगाला, चढावर, लाल विटांच्या एकसारख्या घरांच्या रांगेत होतं. बाबा कान-नाक-घशाचे डॉक्टर. दिवसभर लोकांच्या कानांत डोकावून ते घरी यायचे तेव्हा त्यांना शांतता हवी असायची, आणि ती मिळायची नाही, कारण घरात आई होती. आईने पुण्याहून येताना सूरपेटी विमानात मांडीवर घेतली होती आणि मला बाबांकडे दिलं होतं. सूरपेटीला धक्का लागून चाललं नसतं, असं स्पष्टीकरण ती द्यायची. रोज सकाळी स्वयंपाकघरात गॅसचा हीटर लावून, साडीवर बाबांचा जुना ओव्हरकोट चढवून ती लायनोलियमवर बसायची आणि मला समोर बसवायची. सूरपेटीचा भाता हलायला लागला की खिडकीची काच अगदी हलकी थरथरायची. मग अर्धा तास फक्त सा. राग नाही, गाणं नाही, भजनसुद्धा नाही. “आवाज फाटला तरी चालेल, मंजू,” आई म्हणायची, “सूर सोडायचा नाही.” सहा वर्षं मी नुसता सा लावत होते असं मी सांगते, आईच्या हिशेबाने सात. आमचा सा काळी चारचा. इतर मुलांच्या डोक्यात घरचा टेलिफोन नंबर बसतो तशी माझ्या डोक्यात काळी चार बसली. मला झोपेतून उठवून विचारली असती तरी मी ती दिली असती. कोणी विचारलं नाही, एवढंच.

या रियाझाला एक अदृश्य श्रोता होता. भिंतीपलीकडे मिसेस पिकरिंग राहायच्या. नवरा हॅरल्ड गिरणीतून निवृत्त झालेला, मूल नाही, आणि भिंत एका विटेची. एक दिवस त्या आमच्या दारात येऊन उभ्या राहिल्या, हातात बशी, बशीवर पार्किन. पार्किन म्हणजे आल्याची वडी व्हायला निघालेला आणि वाटेत विचार बदलून केक झालेला एक यॉर्कशायरी प्रकार. आई घाबरली. तक्रार आलीय असं समजून तिने दारातच “सॉरी, सॉरी, टुमॉरो स्लो” असं तीनदा म्हणून टाकलं. मिसेस पिकरिंग म्हणाल्या, “छे गं, तुझ्यासाठी नाही आले, लव्ह. या पोरीसाठी आलेय. आमच्या चर्चच्या क्वायरला वरच्या आवाजाच्या मुली हव्यात. आहेत त्या सगळ्या साठीच्या पुढच्या आहेत, आणि मीही त्यातलीच.”

रात्रीच्या जेवणाला, म्हणजे संध्याकाळी सहा वाजता, कारण तोवर आम्ही एवढे इंग्रज झालो होतो, यावर चर्चा झाली. आमटीत मिसेस पिकरिंगने शिकवलेलं यॉर्कशायर पुडिंग बुडवून खात बाबा म्हणाले, “चर्चमध्ये?”

“गाणंच आहे ना,” आई म्हणाली. “बाप्तिस्मा थोडाच करतायत.”

“बाप्तिस्म्याला निदान गरम पाणी देत असतील. त्या चर्चचं हीटिंग कायम बंद असतं. पोरीचा घसा बसला तर माझ्याकडेच येणार.”

अशा प्रकारे धर्माचा प्रश्न बॉयलरवर येऊन मिटला, आणि मी शुक्रवारी संध्याकाळी मिसेस पिकरिंगचा हात धरून चर्चमध्ये गेले.

मस्यू देरवोंच्या आयुष्याच्या तेव्हा तीन आवृत्त्या प्रचलित होत्या. क्वायरमधल्या बायकांच्या मते ते पॅरिसच्या एका भव्य चर्चमधले मुख्य ऑर्गनिस्ट होते आणि एका प्रेमप्रकरणामुळे त्यांना देश सोडावा लागला. पुरुषांच्या मते ते तिथे भव्य चर्चमध्ये खुर्च्या मांडायचे. ते स्वतः जे सांगायचे ते या दोन्हींच्या मध्ये कुठेतरी होतं. उत्तर फ्रान्समधलं एक खाणकामगारांचं गाव. बाप गावच्या चर्चचा ऑर्गनिस्ट. हा दहा वर्षांचा असताना बाप आजारी पडला आणि एका लग्नात याला बसवलं, पाय खालच्या पट्ट्यांपर्यंत पोचत नव्हते म्हणून बुटांना लाकडाचे ठोकळे बांधून. मग पॅरिसला शिक्षण, एका मोठ्या ऑर्गनिस्टच्या हाताखाली काही वर्षं, मग तिथल्याच एका हॉस्पिटलात लीड्सहून शिकायला आलेली मार्गरेट नावाची नर्स. तिच्या मागोमाग ते लीड्सला आले. दिवसा शाळेत फ्रेंच शिकवायचे, शुक्रवारी क्वायर, रविवारी ऑर्गन. पॅरिसमध्ये हजार माणसांपुढे ज्याने वाजवायचं त्या माणसाने लीड्समध्ये चाळीस माणसांपुढे वाजवलं, त्यातली पंधरा ऊब मिळेल या आशेने आलेली. याबद्दल त्यांना कधी खंत वाटल्याचं मी पाहिलं नाही. माझ्या मते त्यांना श्रोते मोजायचेच नव्हते. ते पाठ करून बसायचे.

ते मला ‘मादमोझेल’ म्हणायचे. सगळं इंग्रजीत बोलायचे, आणि इंग्रजीत तू आणि तुम्ही यांचा भेद नाही. तरी ते मला अहो-जाहो करतायत अशी माझी पहिल्या दिवसापासून खात्री होती. मला अहो-जाहो करणारे ते पहिले मोठे माणूस. त्याच्या मोबदल्यात मी त्यांच्यासाठी काहीही केलं असतं. त्यांनी जे करायला सांगितलं ते मात्र विचित्र होतं.

झालं असं. माझ्या दुसऱ्या का तिसऱ्या शुक्रवारी तालीम चालू असताना ऑर्गनची एक अगदी बारीक नळी अडकली आणि सतत वाजत राहिली. शिट्टीपेक्षा बारीक, सुईसारखा आवाज. सगळ्या बायकांनी तोंडं वाकडी केली. मस्यू वर माडीवर ऑर्गनपुढे उभे राहून आम्हाला श्वास कुठे घ्यायचा ते समजावत होते, आणि समजावतच राहिले. त्यांच्या चेहऱ्यावर काहीच नव्हतं. मिसेस पिकरिंगने शेवटी हात वर केला, “मिस्टर डी, ती शिट्टी...” मस्यूंनी क्षणभर त्यांच्या ओठांकडे पाहिलं, मग पटकन वळून ऑर्गनची हवा बंद केली आणि म्हणाले, “हो, हो, मघापासून त्रास देतेय.” कोणाला काही वाटलं नाही. पण मी कानाच्या डॉक्टरची मुलगी होते. जेवताना बाबा दुसरं काही बोलायचेच नाहीत.

तालमीनंतर मी त्यांचं पुस्तक द्यायला वर गेले तेव्हा ते बाकावर बसले होते. त्यांनी एक पट्टी दाबली आणि मला विचारलं, “वाजतेय?” मी हो म्हटलं. त्याच्या वरची दाबली. “ही?” वाजतेय. आणखी वरची. “ही?” मी म्हटलं, हो, सर. त्यांनी हात मांडीवर ठेवले. मग त्यांनी विचारलं की मिसेस पिकरिंग म्हणतात तुम्हाला एक सूर पाठ आहे, तो म्हणून दाखवाल का. मी काळी चार लावली. त्यांनी मधल्या पट्ट्यांतली एक काळी पट्टी दाबली, आणि पुण्याच्या पेठेतल्या दुकानातली सूरपेटी आणि लीड्सच्या कारागिरांनी बांधलेला ऑर्गन यांचं एकमत निघालं. दोन देशांचं एवढं एकमत मी नंतर कधी पाहिलं नाही.

“मादमोझेल,” ते म्हणाले, “आता मी तुम्हाला या चर्चचं सगळ्यात मोठं गुपित सांगतो. आमचा क्वायर खाली घसरतो.”

हे गुपित कोणालाही सांगितलं असतं तरी खरं वाटलं असतं. साथीशिवाय गाणारा कोणताही हौशी क्वायर घसरतो. म्हातारे गळे, थंडी, लांब सूर. सुरुवात एका सुरावर होते आणि चौथ्या कडव्यापर्यंत सगळे मिळून अर्धा सूर खाली आलेले असतात, कधी पूर्ण. सगळे एकत्रच घसरतात, म्हणून कोणाला कळत नाही. पंचाईत होते ती शेवटी ऑर्गन येतो तेव्हा. ऑर्गन घसरत नाही. तो मूळ जागी उभा असतो, आणि दोघांची टक्कर होते. मस्यू देरवोंची खरी थोरवी ही होती, आणि ती कोणालाच माहीत नव्हती: क्वायर जितका घसरला असेल तितक्याच खालच्या पट्टीत ते ऑर्गन सुरू करायचे. कागद एका पट्टीत, हात दुसऱ्या पट्टीत, तेही ऐन वेळी. क्वायरला वाटायचं आपण सुरात होतो. लोकांना वाटायचं क्वायर सुरात होता. वीस-बावीस वर्षं प्रत्येक रविवारी एक माणूस पाठमोरा बसून चाळीस माणसांची लाज राखत होता.

पण त्यासाठी किती घसरले ते कळायला हवं. ऑर्गन वर माडीवर, क्वायर खाली लांब; चांगल्या कानांनाही तिथे तो शेजारच्या घरातल्या रेडिओसारखा ऐकू यायचा. म्हणून मार्गरेट होती. ती दुसऱ्या ओळीच्या टोकाला उभी राहायची. ऑर्गनवर एका मोडीत काढलेल्या व्हॅनचा बाजूचा आरसा स्क्रूने बसवला होता, आणि त्या आरशात दुसऱ्या ओळीचं फक्त टोक दिसायचं. मार्गरेट गाण्याच्या काळ्या फाइलवर बोट धरायची. एक बोट म्हणजे अर्धा सूर. दोन बोटं म्हणजे पूर्ण. तीन वर्षांपूर्वी ती गेली. तेव्हापासून ते अंदाजाने वाजवत होते, आणि अंदाज वरचेवर चुकत होता.

“एकही बोट नसेल तर?” मी विचारलं.

“तर आपण सगळे मरून स्वर्गात पोचलो असं मी समजेन,” ते म्हणाले. “आणि दोन बोटं दाखवाल तेव्हा तळहात माझ्याकडे ठेवा. उलटा धरलात तर या देशात त्याचा वेगळा, शिवीचा अर्थ होतो.”

पुढच्या शुक्रवारी त्यांनी मला दुसऱ्या ओळीच्या टोकाला उभं केलं. त्या जागेवर तीन वर्षांत कोणी उभं राहिलं नव्हतं. बायका तिथे पर्ससुद्धा ठेवत नसत. मिसेस पिकरिंग माझ्या कानाशी पुटपुटल्या, “ती मार्गरेटची जागा आहे, लव्ह.” पायाखालच्या फळीला दोन उथळ खळगे पडले होते, एकाच माणसाने वर्षानुवर्षं उभं राहून पडतात तसे. माझी पावलं त्यात नीट बसली. मी भुतांवर विश्वास ठेवत नाही. आमच्या घरात त्याला वेळच नव्हता. पण त्या सबंध ऑक्टोबरात, गाताना, मला माझ्या बोटाशेजारी आणखी एक बोट आहे असं वाटायचं. वर आरशात त्यांचे डोळे दिसायचे. ते माझ्याकडे बघायचे असं मी म्हणू शकत नाही. ते त्या जागेकडे बघायचे. मी बोट वर करायचे, ते डोळे मिटून एकदा मान हलवायचे, आणि ऑर्गन आमच्या खाली असा अलगद यायचा की म्हाताऱ्या बायका एकमेकींकडे बघून हसायच्या. हे मी कोणाला सांगायचं नाही, असं त्यांनी बजावलं नव्हतं. मीच सांगितलं नाही. फक्त एकदा, चर्चच्या चहाला बाबा आले होते, त्या दिवशी परतताना ते म्हणाले, “तुझे मस्यू बोलताना माझ्या ओठांकडे बघतात. त्यांना म्हणावं क्लिनिकला येऊन जा.” मी निरोप दिला. मस्यू म्हणाले, “डॉक्टर फक्त उरलेलं मोजतात. गेलेलं मला माहीत आहे.” असली वाक्यं ते तयार ठेवत असावेत असा मला आता संशय आहे. तेव्हा मी ते वहीत लिहून घेतलं होतं.

नोव्हेंबर लागला. चर्चमध्ये मृतांच्या स्मरणाचा रविवार येतो. आई त्याला ‘त्यांचा पितृपक्ष’ म्हणायची, आणि ते मला आजही कोणत्याही माहितीपत्रकापेक्षा नेमकं वाटतं. दुपारी चारला, उजेड उतरायच्या वेळी, त्या वर्षी गेलेल्या माणसांची नावं वाचतात. मग क्वायर साथीशिवाय एक लांब लॅटिन गीत गातो, चार कडवी, आणि शेवटच्या ‘आमेन’वर ऑर्गन येऊन मिळतो. त्या वर्षीच्या नावांत हॅरल्ड पिकरिंग होता. सप्टेंबरच्या शेवटी, टोमॅटोला पाणी घालताना गेला. आईने तेव्हा भिंतीवरून शिऱ्याचा डबा दिला होता, आणि पंधरा दिवस रियाझ बंद ठेवला होता. सोळाव्या दिवशी मिसेस पिकरिंगने भिंतीवर ठोठावून विचारलं होतं, आज गाणं का नाही.

त्याच आठवड्यात मिसेस पिकरिंगने आणखी एक बातमी आणली. चर्चला नवा व्हिकर, म्हणजे मुख्य पाद्री, आला होता, तरुण, उत्साही, गिटारवाला. “तो या रविवारी कान देऊन ऐकणार आहे,” त्या म्हणाल्या. “मिस्टर डीला ठेवायचं की नाही ते त्यानंतर ठरवणार, असं चर्चच्या कमिटीत बोलतायत. सात महिन्यांपूर्वी इस्टरला ऑर्गन आणि आपण भलतीकडेच गेलो होतो ना, ते कोणी विसरलेलं नाही.” मला इस्टर माहीत नव्हता, मी तेव्हा आले नव्हते. पण मला एक गोष्ट पक्की कळली. या रविवारी त्यांचं सगळं माझ्या बोटावर होतं.

आणि त्या रविवारी आई आली. मिसेस पिकरिंगसाठी आली, माझ्यासाठी नव्हे. चर्चच्या आत ती पहिल्यांदाच येत होती. मोरपंखी साडी, वर ओव्हरकोट, आणि बूट बाहेर काढावेत की नाही या विचारात ती दारात इतकी घुटमळली की मागे रांग लागली. बाबांनी तिला तिसऱ्या बाकावर बसवलं. बॉयलर बंद होता. लोकांच्या तोंडातून वाफ निघत होती. आत जाण्यापूर्वी तिने माझा फाइलवरचा हात दाबला होता आणि म्हणाली होती, “बाकीचे काहीही करोत. तू सोडू नकोस.”

नावं वाचून झाली. हॅरल्डचं नाव आलं तेव्हा मिसेस पिकरिंगने नाक पुसलं आणि फाइल उघडली. माडीवर मस्यूंचा डावा हात डोक्यावर गेला, खाली आला, आणि आम्ही सुरू केलं. पहिलं कडवं जागेवर होतं. दुसऱ्यात मिसेस पिकरिंग रडत होत्या. त्या थांबल्या नाहीत, रडत गात राहिल्या, आणि रडणारा गळा जड होतो. त्यांचा सूर खाली जायला लागला. शेजारच्या दोघी त्यांना एकटं सोडायचं नाही म्हणून त्यांच्याबरोबर खाली गेल्या. मग त्यांच्यामागे पुरुष. तिसऱ्या कडव्यात सगळा क्वायर हॅरल्डच्या बायकोला धरून सावकाश खाली उतरत होता. मला ते स्पष्ट ऐकू येत होतं. अर्धा सूर. अगदी नेमका.

मी उतरले नाही. समोर तिसऱ्या बाकावर आई डोळे मिटून बसली होती आणि तिची मान माझ्या सुरावर डोलत होती. माझ्याच, इतरांच्या नाही. मला वाटलं, मी धरून ठेवला तर ते परत वर येतील. आई नेहमी म्हणायची की एक सच्चा सूर दहा खोट्यांना ओढतो. मी आवाज वाढवला. कानांत खरखर होत होती, दोन सूर एकमेकांना घासत होते, आणि त्या घासण्यातही मला एक सुख होतं; बरोबर असण्याचं सुख. चौथं कडवं संपत आलं. आरशात डोळे दिसले. आता बोट वर करायचं होतं. बोट वर करणं म्हणजे आईदेखत कबूल करणं की सूर गेला. आणि सूर गेला नव्हता, माझ्याकडे होता. मी फाइल दोन्ही हातांनी घट्ट धरली. आरशातले डोळे वाट बघत राहिले. मग ते मिटले, मान हलली, आणि मी पाहिलं की ते हसले. त्यांना वाटलं आपण पोचलो.

ऑर्गन आला तो मूळ सुरात, पूर्ण ताकदीने. क्वायर अर्धा सूर खाली होता. तो आवाज कसा होता ते लिहून सांगता येत नाही. अर्ध्या सुराचं अंतर हे सगळ्यात कमी अंतर, आणि म्हणूनच सगळ्यात वाईट. छताच्या तुळयांत काहीतरी कण्हल्यासारखं झालं. बाकावरची एक बाई हातातलं पुस्तक छातीशी धरून उभीच राहिली. मिसेस पिकरिंग गायच्या थांबल्या. एक एक करून सगळे थांबले, आणि मी आणि ऑर्गन दोघेच उरलो, अगदी सुरात.

त्यांना ते ऐकू आलं नव्हतं. ते वाजवत होते. मग त्यांनी आरशात पाहिलं, माझा चेहरा पाहिला, आणि त्यांना कळलं. त्यांनी हात उचलले. मग त्यांनी हात अर्धा सूर खाली नेऊन, अगदी मऊ, ‘आमेन’ पुन्हा सुरू केलं, मिसेस पिकरिंग जिथे थांबल्या होत्या तिथूनच, आणि त्या परत गायला लागल्या. मी गायले नाही. माझ्याकडे तो सूर नव्हता.

गाडीत आई म्हणाली, “सगळ्यांत तू एकटी सुरात होतीस.” तिचे डोळे ओले होते, अभिमानाने. बाबा गिअर बदलत म्हणाले, “तेच तर झालं.” पुढच्या शुक्रवारी मस्यू नेहमीसारखेच होते. मला बघून म्हणाले, “मादमोझेल, तुमचा सूर फारच चांगला आहे.” एवढंच. मी माफी मागणार होते. ती मी पुढच्या शुक्रवारवर ढकलली, आणि त्याच्या पुढच्या. डिसेंबरात चर्चच्या पत्रकात आलं की नाताळनंतर मिस्टर देरवो निवृत्त होत आहेत आणि नवे ऑर्गनिस्ट येत आहेत. ते मार्गरेटच्या बहिणीकडे समुद्राकाठी राहायला गेले. चार वर्षांनी तिथेच वारले. मी पत्र लिहिलं नाही. गाणंही सोडलं. आईने कारण विचारलं तेव्हा मी अभ्यासाचं सांगितलं, आणि मराठी घरात त्यावर कोणी पुढे प्रश्न विचारत नाही.

मी पुढे डोळे तपासायचं शिकले. लंडनजवळ पिनरमध्ये माझं चष्म्याचं दुकान तीस वर्षं होतं. अंधाऱ्या खोलीत लोकांना बसवून, भिंगं बदलत, आरशात अक्षरं दाखवत मी दिवसभर विचारायचे, एक बरं दिसतं की दोन. यात काही योगायोग आहे असं मला कधी वाटलं नाही. नवऱ्याने सुचवलं तेव्हा मी त्याच्याशी दोन दिवस बोलले नाही. पण माझ्या स्वयंपाकघरातला फ्रिज आणि धूर ओढणारा पंखा यांच्यात अर्ध्या सुराचं अंतर आहे. दोन्ही एकत्र चालू झाले की मी जिथे असेन तिथे थांबते, हातातला झारा हवेत, आणि आरशातले ते डोळे मिटतात, मान हलते, ते हसतात. पंखा बदलून झाला. नव्याचाही तोच सूर निघाला.

गेल्या वर्षी ते चर्च विकल्याचं कळलं. आता तिथे दोर बांधून भिंत चढायचा खेळ चालतो. जुनी दफ्तरं जवळच्या वाचनालयात ठेवलीत आणि कोणालाही बघायला देतात, म्हणून मी नात रियाला घेऊन लीड्सला गेले. रिया बारा वर्षांची आहे आणि माझ्याशी हट्टाने मोडक्या मराठीत बोलते. ट्रेनमध्ये तिने विचारलं, “आजी, तू खरंच चर्चमध्ये गाणं गायचा?” मी म्हटलं, गायचे. “मग थांबला का?” मी खिडकीबाहेर बघितलं. वाचनालयातल्या बाईंनी कमिटीच्या बैठकांची जाड वही काढून दिली. मी आधी नोव्हेंबर उघडला. त्या रविवारबद्दल एक ओळ होती: उपस्थिती चांगली, बॉयलर पुन्हा बंद, एक छत्री सापडली आहे. रिया म्हणाली, “हेच बघायला आलो का आपण?” मग मी मागे पानं उलटत गेले, त्या वर्षीच्या जुलैपर्यंत, म्हणजे हॅरल्ड अजून टोमॅटोला पाणी घालत होता तोवर, आणि मी क्वायरमध्ये पाऊल टाकलं त्याच्या दोन महिने आधीपर्यंत. मिस्टर देरवो यांचा राजीनाम्याचा अर्ज आला, नाताळपर्यंत काम पाहतील, खेदाने मंजूर, असं तिथे सुबक अक्षरात लिहिलं होतं. कारण एका शब्दात दिलं होतं: गुडघे.